संकेतस्थळाची मांडणी आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आजच्या व्याख्यानाचा विषय चिटणीसांनी कळविला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. संकेतस्थळाची रचना, ते वापरणाऱ्यास येणारा अनुभव आणि समाजमाध्यमांचे पालटते वारे यांवर अधिकाराने बोलू शकतील असे तरुण अभियंते आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत. पुण्यात, बंगळुरात व समुद्रापलीकडे ते याच व्यवसायात नाव मिळवून आहेत. आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेले. परंतु तीन वर्षांपूर्वी मंडळाचे नवे संकेतस्थळ ज्या उपसमितीने करविले, तिचे निमंत्रक आम्ही होतो. आणि त्या कामात जी चूक झाली तिचे धनीही आम्हीच. त्या चुकीचा जाब सभेपुढे देणे हे आमचे कर्तव्य आहे, एवढ्याच अधिकाराने आम्ही येथे उभे आहोत.

हकीकत अशी. मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीचा अर्ज पूर्वी छापील असे. एक पाठपोट कागद. तो भरावयाचा, गुणपत्रिकेची प्रत जोडावयाची व टपालाने गिरगावच्या खोलीवर पाठवावयाचा. तेथे आपले जुने कारकून त्यावर आवक क्रमांक घालीत आणि उलट टपाली एक कार्ड धाडीत. 'आपला अर्ज मिळाला', एवढेच त्यावर असे. त्या कार्डास आपण सर्वजण पोच म्हणत असू. नवे संकेतस्थळ सुरू झाले आणि ते कार्ड बंद झाले. टपालखर्चात बचत झाली म्हणून आम्ही वार्षिक अहवालात त्याचा अभिमानपूर्वक उल्लेखही केला होता.

पहिल्याच वर्षी अर्ज नेहमीपेक्षा पुष्कळच कमी आले. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत आम्ही असे प्रतिपादन केले की, ज्ञातीची आर्थिक स्थिती सुधारल्याचे हे गमक होय. सर्वांनी समाधानाने माना डोलाविल्या. त्यानंतर भाद्रपदात, गणपती होऊन आठवडा झाला असेल, राजापूर तालुक्यातून एक बाई खोलीवर आल्या. वय साठीच्या पुढचे. मुलगा निवर्तलेला, नातू तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात. त्यांनी विचारले, "भाऊ, अर्ज तर आम्ही जूनमध्येच भरला. पैसे कधी मिळायचे?" आम्ही यादी पाहिली. नाव नव्हते. अर्ज भरताना आपल्याच हातून काही राहिले असावे, असे आम्ही त्यांस सौम्य शब्दांत सांगितले. त्या रागावल्या नाहीत. पिशवीतून नातवाचा मोबाईल काढला आणि म्हणाल्या, "मी परत भरून दाखवते. कुठे चुकलं ते तुम्ही सांगा."

त्या अर्ध्या तासात आम्ही जे पाहिले ते तीन वर्षांच्या बैठकांत आम्हांस दिसले नव्हते. संकेतस्थळ उघडताच पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे एकामागून एक सरकू लागली. त्यांत आमचेही होते. त्या सर्व छायाचित्रे संपेपर्यंत थांबून राहिल्या, कारण ती संपल्यावर पुढचे काही येईल अशी त्यांची समजूत होती. वरच्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघा म्हणजे आत जाण्याचे दार आहे, हे त्यांस शेजारच्या शाळकरी मुलाने जूनमध्ये सांगितले होते म्हणून आठवले. अर्ज त्यांनी एकेक अक्षर टिपून बिनचूक भरला. खाली ठसठशीत निळे बटण होते, 'जतन करा'. ते त्यांनी दाबले, मोबाईल खाली ठेवला आणि आमच्याकडे पाहिले. अर्ज पुरा झाला होता, त्यांच्या लेखी.

वस्तुतः तो झाला नव्हता. त्या बटणाच्या खाली बरीच मोकळी जागा, मग अध्यक्षांचा संदेश, आणि त्याच्याही खाली फिक्या करड्या अक्षरांत 'अंतिम सादर करा' असे होते. तेथवर बोट नेण्याचे त्यांस कारणच पडले नव्हते. आम्ही ते दाखविले. त्या क्षणभर पाहत राहिल्या व म्हणाल्या, "जतन केला म्हणजे तुम्ही जपून ठेवलात, असंच ना?" आम्हांस उत्तर सुचले नाही. मराठी भाषेचा विचार केला तर त्यांचेच म्हणणे बरोबर होते.

मुदत टळून गेली होती. प्रश्न बैठकीपुढे आला तेव्हा नियमास अपवाद करू नये असे बहुमत पडले, आणि आमचे मतही त्याच बाजूस होते, हे येथे लपवू इच्छीत नाही. पुढे कार्तिकात संकेतस्थळाचे दप्तर उघडून पाहण्याची बुद्धी झाली. 'जतन' केलेल्या अर्जांचा ढीग तेथे तसाच पडून होता. सिंधुदुर्गातील, बेळगावकडील, गोव्यातील मुले-मुली. ज्ञाती सधन झाली नव्हती. ती आमच्या दारात अडकून पडली होती. ठराव फिरविण्यात आला, त्या सर्वांस साहाय्य देण्यात आले. परंतु त्या बाईंच्या नातवाने तोवर वर्ष सोडून नोकरी धरली होती.

दार हा शब्द आम्ही सहज वापरला नाही. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली नित्याच्या वापरातील वस्तूंच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात दारांचा विचार विस्ताराने आहे. एखाद्या कचेरीच्या काचेच्या दारास धरण्याजोगी मूठ असते, म्हणून आपण ओढतो. ते उघडत नाही. मग पाटी दिसते, 'ढकला'. चारचौघांत आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते. नॉर्मन यांचे म्हणणे असे की, ओशाळावयाचे ते दार करणाऱ्याने. हात लावताच ज्याचा उपयोग कळत नाही व ज्यास पाटी लावावी लागते ते दारच सदोष. आपल्या कोकणातील जुन्या घरांची दारे आठवा. बाहेरून कडी, आतून अडसर. लहान पोरालाही ती शिकवावी लागली नाहीत. हेच नॉर्मन १९९३ साली ॲपल कंपनीत गेले तेव्हा त्यांच्या हुद्द्याच्या नावातच वापरणाऱ्याचा अनुभव हे शब्द होते. यंत्र काय करू शकते यापेक्षा त्याच्यापुढे बसलेल्या माणसावर काय प्रसंग येतो याचा विचार, असा या शास्त्राचा अर्थ आम्ही समजतो.

या शास्त्राचा एक मुख्य नियम असा की, माणसाने काही केले की त्यास तत्काळ व स्पष्ट कळले पाहिजे की ते झाले अथवा झाले नाही. इंग्रजीत त्यास मोठे नाव आहे. आपल्याकडे पोच हा दोन अक्षरी शब्द शंभर वर्षे त्याच कामी होता, आणि तोच आम्ही टपालखर्चाच्या बचतीत घालवून बसलो.

आणखी दोन गोष्टी त्वरेने सांगतो. ती फिकी करडी अक्षरे तरुण ठेकेदाराच्या डोळ्यांस मोहक वाटली होती. अक्षर व त्यामागील रंग यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असे प्रमाण नेहमीच्या आकाराच्या मजकुरास असावे, असे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या २००८ सालच्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट आहे. मोतीबिंदूचे डोळे ध्यानी धरूनच असे नियम होतात. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी याहून पुढचे पाऊल टाकले. बँकेसाठी ओळख पटविताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिटण्या-उघडण्याची अट अंध व्यक्तींस आणि आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्यांस कशी पुरी करता यावी, असा तो वाद होता. अशा सेवांपर्यंत पोचता येणे हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असा निर्णय झाला. तेव्हा ही केवळ सौंदर्याची बाब राहिलेली नाही.

दुसरी गोष्ट लिपीची. जुन्या स्मरणिका आम्ही संकेतस्थळावर चढविल्या, परंतु त्यांत कोणाचेही नाव शोधून सापडत नाही. कारण त्या ज्या जुन्या टंकांत जुळविल्या होत्या, त्यांत पडद्यावर दिसे देवनागरी आणि यंत्राच्या पोटी असत रोमन अक्षरे. टंक बदलला की सारा मजकूर अगम्य. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. परंतु आपल्याकडील छापखान्यांत जुने टंक त्यानंतरही कितीतरी वर्षे चालत राहिले. रूपांतर करताना मराठीचा खास अर्धा 'र' तर हमखास दगा देतो. मागे एका स्नेहसंमेलनाच्या वृत्तान्तात भोजनाबद्दल 'आचाऱ्यांचे' मानलेले आभार 'आचार्यांचे' म्हणून प्रसिद्ध झाले. आचारी मंडळींनी ते मोठ्या मनाने स्वीकारले.

त्या ठेकेदाराची एक सूचना मात्र आम्ही त्याच वेळी फेटाळली होती, एवढे श्रेय घेऊ द्यावे. देणगीच्या पानावर 'दरमहा देणगी' या चौकटीत आधीच खूण करून ठेवावी, आणि ज्यास द्यावयाची नसेल त्याच्या बटणावर 'मला गरीब विद्यार्थ्यांची पर्वा नाही' असे लिहावे, म्हणजे निधी वाढेल, असे त्याने सुचविले. सर्वत्र असेच करतात, असेही तो म्हणाला, आणि त्यात तो खोटे बोलत नव्हता. अशा फसव्या मांडणीस 'डार्क पॅटर्न' हे नाव हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली दिले. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांवर बंदी घातली. ग्राहकास लाजवून होकार मिळविणे हा त्यांतीलच एक. वर्गणीसाठी दारोदार फिरताना आपल्या वडीलधाऱ्यांनीही लाजविण्याचे तंत्र थोडेबहुत वापरले असेल. पण ते समोरासमोर होते, आणि समोरच्यास उलट बोलण्याची मुभा होती.

आता समाजमाध्यमांकडे वळतो. येथे वारे फार लवकर पालटतात. जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट सुरू झाले. आपल्या देशात व ब्राझीलमध्ये ते विशेष रुजले, आणि आपल्या ज्ञातीच्या तरुणांनीही तेथे एक मेळावा जमविला होता. जुन्या घरांची, कुलदेवतेच्या उत्सवांची छायाचित्रे कित्येकांनी तेथे ठेविली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. ज्यांनी प्रती काढून ठेविल्या होत्या त्यांच्यापाशी त्या राहिल्या. मंडळाने काढल्या नव्हत्या. मग सारे फेसबुकावर गेले, मग व्हॉट्सॲपवर आले. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स हा प्रकार भारतात आणला. आता घरातील मुले तेथे असतात. त्यांस फेसबुक हे काका-मामांचे ठिकाण वाटते. मंडळाने प्रत्येक वाऱ्यामागे धावावे की नाही, यावर युवक शाखेत कडाक्याचा वाद आहे. आमचे मत असे की, वार्ता द्यावयास जेथे माणसे असतील तेथे जावे. परंतु दप्तर, छायाचित्रे व याद्या स्वतःच्याच संकेतस्थळावर ठेवाव्या. परक्याच्या ओसरीवर बसण्यास हरकत नाही, पण तेथे आपली पेटी ठेवू नये.

पण वाऱ्यांपेक्षा या माध्यमांच्या मांडणीने आपल्या वागणुकीत जो फरक पडला तो आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. पोच हीच गोष्ट पुन्हा पाहा. पोचेचे काम एकदा कळविण्याचे होते. फेसबुकाने ९ फेब्रुवारी २००९ रोजी 'लाइक'चा अंगठा आणला आणि पोच मोजता येऊ लागली. मोजता येऊ लागल्यावर तुलना आली. नातीच्या बारशाच्या छायाचित्रास व्याह्यांनी अंगठा दिला नाही, यावरून दोन घरांत अबोला झाल्याचे उदाहरण आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक आहे. नावे सांगत नाही. निधनवार्तेखालीही लोक अंगठाच देत, कारण देण्याजोगे दुसरे काही नव्हते. दुःखाचे चिन्ह फेसबुकावर फेब्रुवारी २०१६ मध्ये आले. म्हणजे सात वर्षे आपण परस्परांच्या शोकास अंगठा दाखवीत होतो, आणि तो दोष आपल्या संस्कारांचा नव्हता. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा सुरू केल्या. त्यावर इतकी कुरबुर झाली की त्या बंद करण्याची सोय लवकरच द्यावी लागली. वाचले आणि उत्तर दिले नाही, हा नवा अपराध त्या दोन रेघांनी निर्माण केला होता.

पान संपले की माणूस थांबतो, हे वर्तमानपत्राचे सुख. २००६ साली एझा रास्किन यांनी पान संपूच नये अशी योजना केली. बोट वर सरकवीत राहावे आणि मजकूर खालून येतच राहावा. वाचणाऱ्याचा खोळंबा टळावा हा त्यांचा हेतू. पुढे लोकांचे तासन्‌तास त्यात जातात हे पाहून त्यांनीच जाहीर खेद व्यक्त केला. मुले अभ्यास टाकून मोबाईल पाहतात म्हणून आपण त्यांस दोष देतो. तो द्यावाच, परंतु ज्या विहिरीला तळ ठेविलेला नाही तिच्या काठी मूल बसले आहे, हेही ध्यानात धरावे.

आणि आता जी गोष्ट सांगावयाची ती आनंदाच्या प्रसंगी सांगू नये असे काहींनी सुचविले होते. तरी सांगतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार मारले. भिक्षा मागून फिरणारी ती माणसे. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशा अर्थाचे निरोप त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर हातोहात फिरत होते. मारणारे हात माणसांचेच होते, त्याची जबाबदारी कोणत्याही कंपनीवर ढकलता येत नाही. परंतु त्याच महिन्यात कंपनीने काय केले ते पाहा. पुढे पाठविलेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही असे केले. चित्रांशेजारी निरोप झटकन पुढे धाडण्याचे जे बटण होते ते काढले. जानेवारी २०१९ मध्ये पाचांची मर्यादा साऱ्या जगास लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपास एका वेळी एकच ठिकाण राहिले. असे निरोप त्यामुळे सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. माणसे तीच, भीती तीच. एक बटण हलविले मात्र.

आपला ज्ञातीचा व्हॉट्सॲप समूहही त्या दिवसांत स्वस्थ नव्हता. तो निरोप आपल्याही समूहात आला होता व आपल्यापैकी काही सुशिक्षितांनी तो 'सावध राहा' म्हणून पुढे धाडला होता. पाठविणाऱ्यांत आम्ही नव्हतो. पण वाचून गप्प बसणाऱ्यांत होतो. डवरी गोसावी आपल्या दारी येत, त्यांस आपल्या आज्या सूपभर दाणे घालीत. त्यांची ओळख आपल्या घरांस होती, आणि समूहात ती सांगावी असे कोणासही त्या आठवड्यात सुचले नाही.

वधू-वर सूचीविषयी एक विनंती. छापील सूची सभासदांच्या घरी जात असे व कपाटात राहत असे. तीच जशीच्या तशी संकेतस्थळावर ठेविली तेव्हा मुलींचे दूरध्वनी क्रमांक साऱ्या जगास खुले झाले, आणि दोन मुलींस नको त्या माणसांनी त्रास दिला. आता ते क्रमांक पडद्यावर दिसत नाहीत. इच्छुकांनी कार्यालयाकडे विचारावे, कार्यालय मुलीस विचारील, मगच क्रमांक मिळेल. यास दोन दिवस अधिक लागतात अशी काही पालकांची तक्रार आहे. ती आम्हांस मान्य आहे, आणि पद्धत बदलणार नाही.

साहाय्य निधीचा अर्ज आता नव्याने मांडला आहे. छायाचित्रे काढली, प्रथम आमचे काढले. बटण एकच आहे व त्यावर 'अर्ज पाठवा' असे आहे. ते दाबताच आवक क्रमांक मोठ्या अक्षरांत दिसतो आणि मोबाईलवर निरोपही येतो. छापील अर्जही पुन्हा सुरू केला आहे, कार्डासकट. परंतु हे बरोबर झाले की नाही हे आम्ही ठरवू शकत नाही. याकोब निल्सन या तज्ज्ञाचे २००० सालचे एक मत प्रसिद्ध आहे की, पाच जणांस वापरावयास देऊन मुकाट्याने पाहिले तरी रचनेतील बहुतेक दोष उघड होतात. पूर्वी ज्ञातीत तंटे पडले की पंच बसवीत. येथेही पाचच लागतात हे पाहून आम्हांस मौज वाटली.

सभागृहाच्या मागच्या बाजूस, पाण्याच्या पिंपांजवळ, दोन टेबलांवर मोबाईल ठेविले आहेत. युवक शाखेची मुले तेथे बसतील, परंतु ती मदत करणार नाहीत. त्यांस तशी ताकीद आहे. कोणाचे बोट कोठे अडते ते फक्त लिहून घेतील. राजापूरच्या बाईंनाही आम्ही पत्र घातले होते. गाडीचे आरक्षण मिळाले नाही, असे त्यांचे कार्ड परवा आले. ज्यांस मोबाईल सराईतपणे येतो त्यांनी कृपया भोजनाच्या रांगेत जावे. ज्यांस येत नाही, ज्यांचा चष्मा घरी राहिला आहे, अथवा ज्यांस हे सारे थोतांड वाटते, त्यांनी प्रथम त्या टेबलांपाशी यावे. पानावर बसण्यास अद्याप वीस मिनिटांचा अवकाश आहे.